टॅबलेट स्कॅनर घ्यायचाय: ऑटेल, लाँच की अजून काही? (छोट्या मल्टिब्रँड गॅरेजसाठी)

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. कराडजवळ आमचं छोटं गॅरेज आहे, मी, धाकटा भाऊ आणि दोन पोरं. आत्तापर्यंत हातातला छोटा कोड रीडर आणि मोबाईलवरचं ॲप यावर भागवलं, पण आता बीएस६ गाड्या वॉरंटी संपवून आमच्याकडं यायला लागल्यात आणि नुसता कोड वाचून त्यात काही होत नाही. डीपीएफ (डिझेल गाडीच्या सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर) तुंबला की रिजनरेशन मारा म्हणजे ती काजळी जाळा, नवीन इंजेक्टरचा कोड टाका, मागचे पॅड बदलायला इलेक्ट्रिक हँडब्रेक मागं घ्या, असलं काम आलं की गाडी शोरूमला पाठवावी लागते आणि गिऱ्हाईक एकदा तिकडं गेलं की परत आपल्याकडं वळेलच असं नाही.

म्हणून टॅबलेटवाला स्कॅनर घ्यायचं नक्की केलंय. गाड्यांचं म्हणाल तर निम्म्याहून जास्त मारुती, मग टाटा-महिंद्रा, ह्युंदाई, थोड्या फोक्सवॅगन-स्कोडा, आणि फोर्डनं इथलं उत्पादन बंद केल्यापासून फोर्डवाले पण बरेच येतात. यूट्यूब बघून बघून डोकं फिरलंय, एक म्हणतो ऑटेलच, दुसरा म्हणतो लाँच एक्स४३१ शिवाय बात नाही, तिसरा एक्सटूल, मग थिंककार, टॉपडॉन. बॉक्सवर सगळेच शंभर ब्रँड लिहितात. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा. बजेट लाखाच्या आत.

बंड्या_बेलापूर:
त्या शंभरात बुगाटी पण असते :) कराडला आली की कळव, फोटो काढायला येतो.

तेलकट_हात:
बंड्या हसतोय पण मुद्दा तोच आहे. टॅब म्हणजे शेवटी अँड्रॉइड, स्क्रीन सात इंची की दहा इंची, कॅमेरा कसा, यावर पैसे ठरवू नका. पैसे असतात सॉफ्टवेअरचे आणि गाडीला लागते त्या छोट्या डबीचे, व्हीसीआयचे. आमचं गॅरेज भोसरीत आहे, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे टॅब रोज वापरात आहेत त्यामुळं कुणा एकाची बाजू घ्यायचं कारण नाही.

सगळ्यात आधी बघायची ती ॲक्टिव्ह टेस्ट. म्हणजे टॅबवरून रेडिएटरचा फॅन फिरवायचा, इंजेक्टर एकेक करून बंद करायचा, ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडझाप करायचा, फ्युएल पंप चालू करायचा. पार्ट खोलायच्या आधीच कळतं की तो हलतोय का नाही, आणि तिथंच वेळ वाचतो. ऑटेलमध्ये नुसतं एमके८०८ हे नाव बघून घेऊ नका, जुना साधा एमके८०८ सगळ्या सिस्टिम वाचतो, ऑइल रीसेट-हँडब्रेक असले सर्व्हिस फंक्शन पण करतो, पण ॲक्टिव्ह टेस्ट नंतरच्या एमके८०८एस वगैरेला आली. जुना स्टॉक स्वस्तात देतो म्हणणारे अजून फिरतायत. एमएस९०६ प्रो पर्यंत गेलात तर कोडिंग आणि टोपोलॉजी नकाशा मिळतो (गाडीत एबीएस, एअरबॅग वगैरेचे वेगवेगळे छोटे कॉम्प्युटर असतात ते मॉड्यूल, त्यातला कुठला बोलतोय, कुठला गप्प आहे ते रंगात दिसतं, भारी प्रकार आहे) पण मग बजेट ताणावं लागेल.

लाँचच्या प्रो सिरीजचं व्हीसीआय ब्लूटूथचं असतं, गाडीला लावून टॅब घेऊन बोनेटपाशी उभं राहता येतं. प्रत्येक ब्रँडचं सॉफ्टवेअर वेगळं डाउनलोड होतं, मारुती वेगळं, टाटा वेगळं, महिंद्रा वेगळं, त्यामुळं नवीन टॅब आणल्यावर पहिली रात्र वायफायवर लावून झोपायचं. एक्सटूल डी७ तारेचा आहे, स्वस्त आहे आणि ॲक्टिव्ह टेस्ट देतो, एकट्या माणसाच्या गॅरेजला वाईट नाही.

पण खरी गंमत मेनूत असते. मेनूत ब्रँड दिसतो, आत मॉडेल दिसतं, इंजेक्टर कोडिंग पण लिहिलेलं असतं, आणि दाबलं की खाली येतं "हे फंक्शन या वाहनाला उपलब्ध नाही". म्हणून डिस्ट्रिब्युटरला सांगा डेमो माझ्या गॅरेजात, माझ्याकडं उभ्या असलेल्या गाड्यांवर. त्याच्या गाडीवर सगळं चालतंच, ती त्यानं त्यासाठीच ठेवलेली असते.

स्वतःच_करतो:
प्रश्न मूर्खपणाचा वाटला तर माफ करा पण माझ्याकडे सातशे रुपयांचं ब्लूटूथ ईएलएम३२७ डबी आणि मोबाईलवर टॉर्क प्रो ॲप आहे, सगळे कोड दिसतात, आरपीएम, टेंपरेचर, फ्युएल ट्रिम दिसतं. मग हे पन्नास हजाराचं मशिन वेगळं काय करतं?

ईसीयू_आणि_मी:
मूर्खपणाचा अजिबात नाही, निम्म्या गॅरेजवाल्यांना पण याचं उत्तर माहीत नसतं.

गाडीत स्कॅनर लावायचं ओबीडी सॉकेट सोळा पिनांचं आहे म्हणून सगळं एकच भाषा बोलतं असं नाही. ओबीडी-२ हे मुळात धुरासाठी आणलेलं, अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचं, आपल्याकडं कारना एप्रिल २०१३ पासून. त्या नियमात कंपनीनं फक्त इंजिन-गिअरबॉक्सची प्रदूषणाशी संबंधित माहिती सर्वांना वाचता येईल अशी ठेवायची असते. मुख्यतः पी० ने सुरू होणारे कोड, फ्रीझ फ्रेम (कोड पडला त्या क्षणाची नोंद), थोडा लाइव्ह डेटा, झालं. एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, बॉडी कंट्रोल, एसी हे सगळं कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीनं बोलतं आणि ती पद्धत कंपनी जाहीर करत नाही. टॅबवाल्यांची खरी कमाई तिथं आहे, त्यांनी प्रत्येक कंपनीचं बोलणं शोधून काढून सॉफ्टवेअरमध्ये घातलेलं असतं. आणि वाचणं वेगळं, हुकूम देणं वेगळं.

तुमच्या डबीबद्दल अजून एक. ईएलएम३२७ ही मूळ चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची, ती कंपनी २०२२ ला बंद झाली. बाजारात ज्या डब्यांवर व्हर्जन १.५ लिहिलेलं असतं तसं व्हर्जन त्या कंपनीनं कधी काढलंच नव्हतं, सगळ्या नकला आहेत. स्वतःच्या गाडीचा चेक लाइट का लागला बघायला पुरतात, काही ॲप कंपनीनुसार जास्तीचा डेटा पण काढून देतात, पण एबीएसमधली हवा काढायची असेल तर पंप चालवायचा हुकूम द्यावा लागतो, तिथं हे उपयोगाचं नाही.

स्वतःच_करतो:
एकदम क्लिअर. धन्यवाद साहेब.

वायरमन_मामा:
पोरांनो सगळं बरोबर आहे, पण टॅब घ्यायच्या आधी मला सांगा गॅरेजात बरा मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प आहे का? परवा एक पोरगा फोन करतो, मामा टॅब कनेक्ट होत नाही, गाडीचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलाय. मी म्हटलं सॉकेटच्या सोळा नंबर पिनला करंट बघ. नव्हता. बऱ्याच गाड्यांत त्या पिनचा फ्यूज आणि लायटर सॉकेटचा फ्यूज एकच असतो, गिऱ्हाईकानं टायरमध्ये हवा भरायचा पंप लायटरला लावून तो उडवलेला. फ्यूज टाकला, गाडी बोलायला लागली. ईसीयूचं कोटेशन मात्र तोवर गिऱ्हाईकाला जाऊन पोचलेलं.

अजून एक लिहून ठेवा. टॅबमध्ये एका झटक्यात दहा-बारा यू कोड आले, हा मॉड्यूल बोलत नाही तो बोलत नाही, की घाबरायचं नाही. बॅटरीचा मायनस काढायचा, सॉकेटच्या ६ आणि १४ नंबर पिनमध्ये रेझिस्टन्स मोजायचा. साधारण ६० ओहम आला तर कॅनची लाइन (ज्या दोन तारांवर मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ती) धड आहे, कारण दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर समांतर बसलेले असतात. १२० दाखवला तर एक टोक कुठंतरी तुटलंय, शून्याच्या आसपास आला तर दोन्ही तारा एकमेकीला चिकटल्यात. हे लाखाचा टॅब सांगत नाही, पाचशेचा मीटर सांगतो. आणि ६० आला की बॅटरी आणि अर्थिंग बघा, लोकांच्या गाड्यांना बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवी बुरशी असते आणि इकडं आपण मॉड्यूल बदलतोय.

तेलकट_हात:
मामा तुमचं शंभर टक्के मान्य, पण मीटरनं इंजेक्टर कोडिंग होत नाही :) दोन्ही लागतं.

वायरमन_मामा:
लागतं रे. पण आधी काय शिकायचं ते सांगतोय. हल्ली पोरं बोनेट उघडायच्या आधी टॅब लावतात.

कृष्णाकाठ:
मामा, मीटर आहे, फ्ल्यूकचा नाही पण बरा आहे. डीपीएफचं जरा कुणीतरी नीट सांगाल का, आमच्याकडं सगळ्यात जास्त तेच येतंय, विशेषतः जी डिझेल एसयूव्ही फक्त गावात आणि शेतावर फिरते ती. टॅबवर फोर्स रिजनरेशन बटण असलं की झालं का?

तेलकट_हात:
बटण असून उपयोग नाही ते कसं ते सांगतो. आमच्याकडं अशीच एक डिझेल एसयूव्ही आली, डीपीएफचा दिवा, पिकअप मेलेला, मालकाचं रोज घर ते दुकान एवढंच रनिंग. कोड पी२००२. आमच्या पोरानं थेट स्पेशल फंक्शनमध्ये जाऊन रिजनरेशन दाबलं, टॅब म्हणाला कंडिशन पूर्ण नाहीत. परत दाबलं, परत तेच. आता बहुतेक जण इथं म्हणतात टॅब फालतू आहे. लाइव्ह डेटा उघडला. इंजिन बंद, फक्त इग्निशन चालू, अशा वेळी डीपीएफच्या डिफरन्शियल प्रेशर सेन्सरचं रीडिंग शून्याच्या आसपास पाहिजे कारण सायलेन्सरमधून काही वाहतच नाही. इथं चांगलं वर दाखवत होतं. म्हणजे इंजिन बंद असताना पण ईसीयूला वाटतंय फिल्टर तुंबलाय. सेन्सरकडं जाणाऱ्या दोन नळ्यांपैकी एक काजळीनं भरलेली, सेन्सरचं तोंड पण काळं. नळ्या साफ करून रीडिंग खाली येईना म्हणून सेन्सर बदलला, टॅबमधून त्याचं नवीन व्हॅल्यू शिकवणं केलं, मग काजळीचा खरा आकडा दिसला, तो होताच जास्त पण रिजनरेशन घेण्याजोगा. शिवाय एक ग्लो प्लगचा कोड पडून होता, काही गाड्यांत तो असला तरी रिजनरेशन सुरू होत नाही. तो दोष काढल्यावर पहिल्याच दाबाला सुरू झालं.

आणि चालू केल्यावर गाडी सोडून चहाला जायचं नाही. फिल्टरचं टेंपरेचर सहाशे डिग्रीच्या आसपास जातं, खाली वाळलेला पाला, तेलाचं फडकं, रबरी पाइप काही नको, उघड्यावर करायचं, लहान पोरं लांब. आधी इंजिन ऑइलची पातळी बघा, सारखं अर्धवट रिजनरेशन होत असलं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं, तसं असेल तर ऑइल बदली केल्याशिवाय पुढं जाऊ नका.

त्यामुळं टॅब घेताना रिजनरेशनचं बटण तर बघाच, पण तुमच्या गाड्यांत काजळीचा आकडा, दोन्हीकडचं एक्झॉस्ट टेंपरेचर आणि डिफरन्शियल प्रेशर हे तीन एका पानावर ग्राफमध्ये दिसतायत का ते जास्त महत्त्वाचं.

ईसीयू_आणि_मी:
ग्राफवरून आठवलं, कॉमन रेल डिझेलमध्ये पी००८७ (रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरला डिझेल देणाऱ्या पाइपात, प्रेशर कमी) आला की लोक लगेच पंप नाहीतर इंजेक्टर म्हणतात. टॅबवर मागितलेलं रेल प्रेशर आणि मिळालेलं रेल प्रेशर अशा दोन रेघा एकावर एक लावा आणि गाडी चढावर न्या. आयडलवर दोन्ही रेघा अडीचशे-तीनशे बारच्या आसपास चिकटून चालतात आणि ॲक्सिलरेटर दाबला की मिळालेल्या प्रेशरची रेघ मागं पडते, म्हणजे डिझेल पुरत नाहीये. आधी फिल्टर बघा, हजारभर रुपयांत काम होतं कधी कधी. ज्या टॅबमध्ये दोन रेघा एका ग्राफवर घेता येत नाहीत तो माझ्या मते गॅरेजचा टॅब नाही, दाखवायचा टॅब आहे.

चाकणचा_चक्रम:
फोक्सवॅगन-स्कोडासाठी माझं मत वेगळं आहे. मल्टिब्रँड टॅब ठीकठाक काम करतो पण आठवड्याला दोन-तीन जरी गाड्या येत असतील तर रॉस-टेकचं व्हीसीडीएस घ्या, लॅपटॉपवर चालतं, दिसायला विंडोज एक्सपीच्या जमान्यातलं पण खोलात जातं. घेताना नीट बघा, त्यांची हेक्स-व्ही२ केबल ३ गाड्यांची, १० गाड्यांची आणि अमर्याद अशी येते, गॅरेजला अमर्यादच लागेल. फक्त २०२० नंतरच्या काही नव्या मॉडेलांना एसएफडी म्हणून कुलूप आलंय, तिथं कोडिंग करायचं तर कंपनीच्या सर्व्हरकडून टोकन आणावं लागतं, आपल्या जुन्या पोलो-व्हेंटो-रॅपिडना ती भानगड नाही.

फोर्डसाठी तर टॅबवर खर्चच करू नका. फोरस्कॅन. लॅपटॉपवर चालतं, फक्त केबल अशी घ्या की हाय स्पीड आणि मीडियम स्पीड दोन्ही कॅनवर जाते, मीडियम स्पीडवाला ३ आणि ११ नंबर पिनवर असतो, साधी डबी तिथं पोचतच नाही आणि मग लोक म्हणतात बॉडीचे मॉड्यूल दिसत नाहीत. ओबीडीलिंक ईएक्स त्यासाठीच बनवलेली आहे.

कृष्णाकाठ:
हे भारी सांगितलंत. म्हणजे मधल्या किमतीचा टॅब आणि जुन्या लॅपटॉपवर फोरस्कॅन असं केलं तर बजेटात बसतंय.

बंड्या_बेलापूर:
आमच्या इथला एक मेकॅनिक आठ हजारात डब्बी आणि सीडी आणतो, सगळ्या गाड्या, आयुष्यभर अपडेट फ्री म्हणे.

ईसीयू_आणि_मी:
ती क्रॅक सॉफ्टवेअरची डबी. सगळीकडं आहे, खोटं कशाला बोला. एका जुन्या वर्षावर गोठलेली असते, बीएस६ गाडीपाशी गेली की गप्प, अँटिव्हायरस बंद करून टाकावी लागते म्हणजे त्या लॅपटॉपवर बँकेचं काही करायचं नाही. जुन्या बीएस३-बीएस४ गाडीचे कोड वाचायला लोक वापरतात. पण त्यावरून ईसीयूत काही लिहायला जाऊ नका, मध्येच अडकलं तर गाडी उभी राहते आणि विचारायला कुणी नसतं.

एडिसनकर:
न्यू जर्सीहून. मी गॅरेजवाला नाही, शनिवार-रविवार स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्या करतो. इथून टॅब विकत घेऊन भारतात पाठवायचा विचार कुणी करत असेल तर थांबा. या कंपन्या सिरियल नंबर त्या त्या प्रदेशाला बांधतात. माझ्या चुलतभावाला नगरला एक पाठवलेला, ब्रँडचं नाव नको, पहिले काही महिने मस्त चालला आणि अपडेट करताना प्रदेश जुळत नाही म्हणून अडला. शिवाय इथल्या आवृत्तीत मारुती-महिंद्राचं सॉफ्टवेअर असेलच असं नाही.

दुसरं म्हणजे सिक्युरिटी गेटवे. इथं क्रायस्लर-जीप गटानं २०१८ च्या मॉडेलपासून मध्ये एक गेटवे बसवला, कोड वाचता येतात पण पुसता येत नाहीत, ॲक्टिव्ह टेस्ट होत नाही. त्यासाठी ऑटोऑथ म्हणून नोंदणी आहे, गॅरेज आणि टॅब दोन्ही रजिस्टर करायचे आणि मग टॅब नेटवरून परवानगी घेतो. तिकडं पण हे हळूहळू येणार, म्हणून टॅब वायफायशिवाय चालतो का हा प्रश्न आता उलटा झालाय, गॅरेजात नेट चांगलं आहे का ते बघा.

तेलकट_हात:
एडिसनकरांनी बरं सांगितलं. अपडेटचं पण याच निमित्तानं बोलतो. बहुतेक टॅबबरोबर एक-दोन वर्षं अपडेट फुकट, काहींना तीन, मग वार्षिक पैसे. पैसे नाही भरले तर साधारणपणे जे सॉफ्टवेअर त्यात आहे ते चालत राहतं, नवीन गाड्या तेवढ्या येत नाहीत. पण दुकानदाराला हे बिलावर लिहून मागा: फुकट कधीपर्यंत, नंतर किती, एका ब्रँडपुरतं भरता येतं का सगळं एकदम, सर्व्हिस सेंटर कुठं आहे. तोंडी "टेन्शन घेऊ नका" म्हणणाऱ्याचा फोन वर्षानं लागत नाही. आमचा एक टॅब चार्जिंगचा पोर्ट ढिला झाला म्हणून दुरुस्तीला गेला तो आला तेव्हा पावसाळा संपलेला, तेवढे दिवस जुन्या डबीवर काम.

आणि मारुतीबद्दल. तुमच्याकडं मारुती जास्त आहेत म्हणून सांगतो, डेमोला जुनी डिझेल स्विफ्ट किंवा डिझायर नक्की लावा, ते १.३ मल्टिजेट इंजिन मूळ फियाटचं, टाटा-फियाटच्या गाड्यांत पण तेच होतं, काही टॅब मारुती मेनूतून नीट जात नाहीत पण फियाटच्या मेनूतून त्याच इंजिनात घुसतात. असल्या पळवाटा कुठल्याच माहितीपत्रकात नसतात.

कृष्णाकाठ:
मंडळी, डेमो झाले. दोन डिस्ट्रिब्युटर आले होते, एक कोल्हापूरचा, एक पुण्याचा. नावं मुद्दाम लिहीत नाही, सॉफ्टवेअर पुढच्या अपडेटला बदलतं आणि उगाच इथं भांडणं लागायची. तुम्ही सांगितलं तशाच आमच्या गाड्या लावल्या.

पहिल्या टॅबनं गाडीचा चॅसी नंबर स्वतः ओळखला, सगळे मॉड्यूल फिरून रिपोर्ट पटकन काढला, दिसायला एकदम चकाचक. पण ह्युंदाईच्या डिझेलला रिजनरेशनच्या पानावर गेला आणि काजळीचा आकडाच दाखवेना. महिंद्राच्या गाडीत मॉडेल हातानं निवडायला लागलं, निवडल्यावर मात्र इंजेक्टर कोड टाकायची जागा बरोबर उघडली, इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला कोड वाचून भावानं टाकला आणि घेतला. दुसरा टॅब सुरू व्हायला वेळ लावतो, ब्लूटूथ एकदा तुटलं पण, पण डिझेलचा डेटा जास्त खोल, दोन रेघांचा ग्राफ होतो, एबीएसचा पंप चालवून दाखवला. १.३ डिझेलला फियाटच्या वाटेनं गेला, तेलकट दादा तुमचं नाव काढलं तिथं. टाटाच्या नव्या पेट्रोल गाडीत दोघंही बॉडी कंट्रोलमध्ये अडले, दोघांनी सांगितलं पुढच्या अपडेटला येईल.

माझा कल दुसऱ्याकडं आहे. भाऊ म्हणतो पहिला घेऊ, गिऱ्हाईकाला रिपोर्ट दाखवला की पैसे मागता येतात.

ईसीयू_आणि_मी:
भावाचं अगदीच चूक नाही. स्कॅनिंगचे पैसे मागायची आपल्याकडं लाज वाटते लोकांना, गिऱ्हाईक म्हणतं नुसतं मशिन लावलं तर पाचशे कसले. काम सुरू व्हायच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन रिपोर्ट पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवले की तो वाद संपतो, आणि उद्या कुणी म्हणालं तुमच्याकडून नेल्यावर एअरबॅगचा दिवा लागला तर आधीच्या रिपोर्टमध्ये तो कोड होता हे दाखवता येतं. पण रिपोर्ट दुसरा टॅब पण काढतो ना? मग त्यासाठी काजळीचा आकडा सोडू नका.

फक्त पोरांना सांगा की आल्या आल्या कोड उडवायचा नाही. उडवला की फ्रीझ फ्रेम जाते, म्हणजे कोड पडला तेव्हा आरपीएम किती, इंजिन गरम होतं का थंड, लोड किती ही सगळी नोंद पुसली जाते, आणि मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या) पण परत शून्यापासून सुरू होतात. आधी फोटो नाहीतर रिपोर्ट, मग उडवणं.

तेलकट_हात:
ब्लूटूथ तुटलं म्हणालात त्याबद्दल, कोड वाचताना तुटलं तर काही बिघडत नाही, कोडिंग करताना तुटलं तर बिघडतं. लिहायचं काही काम असेल तेव्हा यूएसबी तार लावायची सोय त्या व्हीसीआयला आहे का विचारा. आणि बॅटरीला सपोर्ट चार्जर लावून ठेवा, इग्निशन चालू ठेवून अर्धा तास काम केलं की बॅटरी बाराच्या खाली येते आणि मग टॅब भलतेच कोड दाखवायला लागतो. जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर नको, व्होल्टेज स्थिर देणारा घ्या.

व्हीसीआयवर कॅन एफडी आणि डीओआयपी (गाडीशी जास्त वेगानं बोलायच्या नव्या पद्धती) लिहिलेलं आहे का तेही बघून घ्या. आत्ता कराडला फार गाड्या नसतील तशा, पण नव्या गाड्यांत येतंय आणि टॅब काही दरवर्षी बदलत नाही आपण.

वायरमन_मामा:
बॅटरीचं मी वर बोललो होतो, कुणी ऐकत नाही म्हाताऱ्याचं.

बंड्या_बेलापूर:
मामा तुमच्या ६० ओहमचा स्क्रीनशॉट आमच्या ग्रुपवर फिरतोय.

कृष्णाकाठ:
तारेची सोय आहे, विचारून घेतलं. कॅन एफडी पण आहे. अपडेट दोन वर्षं फुकट, बिलावर लिहून देतोय म्हणाला. त्यानं अजून एक ऑफर दिली, जास्तीचे पैसे देऊन किल्ली प्रोग्रॅमिंगचं किट. घ्यावं का?

चाकणचा_चक्रम:
सुरुवातीला नको. ते काम वेगळंच शिकायला लागतं, काही गाड्यांत चुकीचा पिन दोन-तीनदा टाकला की इमोबिलायझर कुलूप लावून बसतो. आणि कधी केलंच तर आरसी आणि आधार बघितल्याशिवाय कुणाची किल्ली बनवू नका, कॉपी ठेवा. तेवढ्या पैशात लॅपटॉपसाठी ती फोर्डची केबल येईल.

शेतकरी_ट्रान्सपोर्ट:
मध्येच विचारतो, आमच्याकडं दोन पिकअप आणि एक दहाचाकी आहे. हा टॅब ट्रकला चालेल का? सॉकेट तर तसंच सोळा पिनांचं दिसतंय.

तेलकट_हात:
सॉकेट सारखं दिसतं म्हणून लावू नका. पिकअप बारा व्होल्टची, तिथं ब्रँड सॉफ्टवेअरमध्ये असेल तर चालेल. ट्रक चोवीस व्होल्टचा. व्हीसीआयच्या पाठीवर किती व्होल्टपर्यंत चालतो ते बारीक अक्षरात छापलेलं असतं, कारसाठीच्या काही डब्या चोवीसला जळतात. ट्रकसाठी लाँचचा वेगळा हेवी ड्युटी मॉड्यूल येतो, ऑटेलचा एमएस९०८सीव्ही वेगळाच टॅब आहे, काही ट्रकना नऊ पिनांचं गोल सॉकेट पण असतं त्याला वेगळी केबल. एका ट्रकसाठी हा खर्च परवडायचा नाही, जवळचा कुणी हेवीवाला शोधा. ट्रक कुठल्या कंपनीचा आणि कुठल्या सालचा ते लिहा, सातारा-कराड पट्ट्यात कोण करतं ते विचारून सांगतो.